‘ब्लॉकचेनमध्येच’मधला ‘च’

“मॅडम, ब्लॉकचेनचा कोर्स केला, पण जॉबच नाहीत. माझं चुकलंच का?” नाशिकच्या गंगापूर रोडवर मी समुपदेशन करते, तिथल्या माझ्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा येऊन गेलाय की समोरचा खुर्चीत बसायच्या आधीच मला ओळखू येतो. विचारणारी पोरं इंजिनिअर, बीसीए, मधूनच एखादा बीकॉम. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास पोचलं, त्या हवेत यांनी हे कोर्स लावले. ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनसारखी क्रिप्टो (डिजिटल) चलनं जिच्यावर चालतात ती सामाईक हिशोबवही; तिच्यात जोडता येतं, खोडता येत नाही. सर्टिफिकेट हातात पडलं तोवर बाजार बसला होता. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसायच्या आत एकदा लिहूनच टाकते.

अथर्व म्हणू या त्याला. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय चोवीस, राहणार नाशिकरोड, कॉम्प्युटर इंजिनिअर. आईने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. रात्रभर जागा, दुपारी झोप, जेवणाचं ताट खोलीत. वडील करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, त्यामुळे नातेवाइकांना टोमणा आयताच मिळाला होता: “बापाने खऱ्या नोटा छापल्या, पोरगा हवेतल्या छापतोय!”

त्याने मोबाइलवर एक तक्ता उघडून दाखवला. 143 ठिकाणी अर्ज, नऊ उत्तरं, नोकरी शून्य.

“यावरून तू काय समजलास?”

“मी नालायक आहे.”

“असं 143 जणांनी कळवलं?”

“कळवलंच नाही ना मॅडम! तेच तर.”

न आलेल्या उत्तरांचा अर्थ तो स्वतःच लिहीत होता, आणि प्रत्येक वेळी एकच लिहीत होता.

मला तांत्रिक भाग कळत नव्हता, म्हणून पुढच्या भेटीला त्यालाच गृहपाठ दिला: या धंद्यात भरती कधी झाली आणि कधी थांबली, ते तारखांनिशी लिहून आण. त्याने आणलेला कागद अजून माझ्याकडे आहे. मे 2022 मध्ये टेरा-लुना ही क्रिप्टो चलनांची जोडी कोसळली. जूनमध्ये कॉइनबेस या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजने 18 टक्के माणसं कमी केली. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे दुसरं एक्स्चेंज बुडालं. आपल्याकडे त्याच वर्षी 1 एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि 1 जुलैपासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. त्याच्या अर्जांच्या तारखा मी शेजारी मांडल्या. सुरुवातीचे साठेक अर्ज, लोकांना घरी पाठवणं चाललं होतं तेव्हाचे. द्राक्षबागायतदार अवकाळी पावसाला शिव्या देतो, पण ‘मीच नालायक म्हणून गारा पडल्या’ असं म्हणत नाही. हे मी बोलले, तो हसला, पण पटलं नव्हतं. पटलं नाही हे ओळखता येतं. मान जरा जास्तच जोरात हलते.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते. माणसाला त्रास घटनेचा कमी होतो, घटनेविषयीच्या हट्टाचा जास्त. मराठीत हा हट्ट एका अक्षरात राहतो. “मला ब्लॉकचेनमध्ये नोकरी हवी” ही इच्छा. “मला ब्लॉकचेनमध्येच नोकरी मिळालीच पाहिजे” हा फास. अथर्वकडून वाक्य दोन्ही तऱ्हांनी मोठ्याने म्हणवून घेतलं. दुसऱ्या वेळी त्याचा खांदा वर चढला, त्याचा त्यालाच दिसला.

खरी गाठ मात्र निराळीच होती. चौथ्या भेटीत मी सहज म्हटलं, “केलेलं काम दाखव की मला. कळणार नाही, पण बघते.”

तो लाल झाला. प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहब साइटवर त्याचे सत्तावीस प्रकल्प होते, आणि सत्तावीसच्या सत्तावीस खासगी. बाहेरच्या माणसाला पान कोरं.

“अजून परफेक्ट नाहीयेत. आणि मॅडम, चेनवर एकदा टाकलं की खोडता येत नाही. 2016 मध्ये इथेरियम चेनवरच्या ‘द डीएओ’ फंडाच्या कोडमध्ये एक चूक राहिली, तिथलं चलन, छत्तीस लाख इथर, गेलं.”

“तुझ्या प्रकल्पात किती इथर आहेत?”

“शून्य. टेस्टनेटवर आहे, म्हणजे सरावाच्या चेनवर.”

दोघंही गप्प. ज्या धंद्यात माणसं आधी काम बघतात आणि मग नाव विचारतात, तिथे हा मुलगा सहा सर्टिफिकेटं पाठवत होता आणि काम लपवत होता.

पुढच्या भेटीला वडिलांना बोलावलं. घरच्यांना बोलावणं सगळ्या समुपदेशकांना आवडत नाही, मला आवडतं. द्वारका चौकातल्या गर्दीत अडकून पाऊण तास उशिरा आले. मी विचारलं, “तुमच्याकडे छपाईत चूक झाली तर काय करायचे?”

“आतलं काही सांगणार नाही मी,” ते म्हणाले. “पण रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेलं सांगतो.” पाकिटातून पन्नासाची एक नोट काढून माझ्या टेबलावर सरळ केली आणि नंबरावर बोट ठेवलं. अक्षरं आणि आकडे यांच्या मधे छोटा तारा. “शंभर नोटांच्या बंडलात एखादी खराब निघाली, तर तोच नंबर परत छापत नाहीत. तिच्या जागी ही तारेवाली जाते. 2006 पासून. बाजारात हिची किंमत पन्नासच.”

अथर्वने नोट उचलली, उजेडात धरली.

“म्हणजे बाबा, चुकलेलं खोडत नाही तुम्ही. पुढे नवीन जोडता.”

“मग? खोडाखोड कशी चालेल? हिशोब असतो.”

“आमच्याकडेही तसंच आहे.”

बाप-लेक वर्षभरात पहिल्यांदा एकाच धंद्याविषयी बोलत होते. हे वाक्य मी बोलले असते तर वाया गेलं असतं. अशा वेळी तोंड मिटून बसायला शिकण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत, आणि त्या दिवशी ती वसूल झाली असं मला वाटतं.

त्या रात्री त्याने तीन प्रकल्प खुले केले, चुकांसकट.

आता इतरांसाठी, कारण ‘मग आम्ही काय करू’ असे फोन बरेच येतात. सर्टिफिकेट कितवं, याला फार महत्त्व देऊ नका. चालणारी एक छोटी गोष्ट सेपोलियासारख्या टेस्टनेटवर टाका. पैसे लागत नाहीत. कुठे अडलात, काय बदललंत, हे चार ओळींत लिहा. सॉलिडिटी ही ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा येते पण साधी वेबसाइट, डेटाबेस येत नाही, अशी बरीच मुलं भेटतात, पाया आधी. सुरक्षा तपासणीत रस असेल तर इथरनॉट या ऑनलाइन सरावखेळातली कोडी सोडवा, मग कोडमधल्या चुका शोधण्याच्या खुल्या स्पर्धांत उतरा; तिथे कॉलेज कोणी विचारत नाही. कॉमर्सवाल्यांनी खट्टू होऊ नये. मार्च 2023 मध्ये क्रिप्टोचे व्यवहार मनी लाँडरिंग कायद्याखाली आले, तेव्हापासून एक्स्चेंजना ग्राहकांची ओळख तपासणारी, संशयास्पद व्यवहार कळवणारी माणसं लागतात. बँका, विमा, पुरवठा साखळी इथेही ब्लॉकचेनचं काम असतं, जाहिरातीत फक्त ‘बॅकएंड’ (पडद्यामागचं प्रोग्रॅमिंग) लिहिलेलं असतं. आणि बिटकॉइनने डिसेंबर 2024 मध्ये एक लाख डॉलर ओलांडले म्हणून फ्रेशरांसाठी दारं सताड उघडली असं समजू नका. चढत्या भावात घाईने सोडलेली नोकरी उतरत्या भावात फार आठवते.

एक गोष्ट जरा दटावूनच सांगते. नोकरीसाठी डिपॉझिट मागणारा ठग असतो. मुलाखतीची असाइनमेंट म्हणून अनोळखी फाइल उतरवून चालवायला लावणारेही असतात. स्वतःचं वॉलेट (क्रिप्टोचं डिजिटल पाकीट) असलेल्या लॅपटॉपवर ती चालवू नका. वॉलेटची किल्ली असलेले बारा-चोवीस गुप्त शब्द कुठलाही एचआर विचारत नाही. पगार टोकनमध्ये (कंपनीच्या क्रिप्टो नाण्यांत) म्हणाले, तर रुपयांत किती ते लेखी घ्या.

अथर्व सध्या पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. काम बरंचसं साधं बॅकएंडचं, ब्लॉकचेन आठवड्यातून एखादा दिवस. वरिष्ठाने मुलाखतीत त्याची एक चूक दाखवली, आणि अथर्वने त्याआधीच केलेली दुरुस्ती वरिष्ठालाच दाखवली. पन्नासाची ती नोट मोबाइलच्या कव्हरमध्ये असते. आईची तक्रार तेवढी कायम आहे. सुट्टीला घरी आला की ताट अजूनही खोलीतच नेतो, फक्त आता बाबाही आपलं ताट घेऊन मागोमाग जातात.