‘वाचलंस का?’ हे विचारणं सोडा

या वेळच्या टपालात पुस्तकांबद्दलची पत्रं बरीच निघाली. एकतीस वर्षं मी ग्रंथालयाच्या देवघेव टेबलामागे काढली, त्यामुळे अशी पत्रं हातात आली की निवृत्त झाल्यासारखं वाटतच नाही. चार निवडली आहेत. पहिल्यानंच जास्त जागा खाल्ली, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : ताई, कथाकार जी. ए. कुलकर्णी हे माझं वेड आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात नवरा, नणंद, ऑफिसातल्या दोन मैत्रिणी, सगळ्यांच्या हातात जी.ए. ठेवून झाले. कुणी दहा पानांत परत केलं, कुणी ‘फार उदास आहे गं’ म्हणालं. नवऱ्यानं तर अख्खा संग्रह वाचला आणि चकार शब्द काढला नाही. पुस्तक नाकारलं की मलाच नाकारल्यासारखं वाटतं. आपला आवडता लेखक दुसऱ्याला द्यायचा तरी कसा?
— एक जी.ए.वेडी

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि माझीच जुनी फजिती आठवली. लेखकही तोच. एका मैत्रिणीला मी वाढदिवसाला ‘रमलखुणा’ दिलं होतं, आत चांगल्या दोन ओळी लिहून. 1975 साली आलेल्या त्या पुस्तकात कथा दोनच, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. दोन्ही लांबलचक, आणि आपल्या ओळखीचं गाव, काळ, नातीगोती काही म्हणजे काही त्यांत सापडत नाही. मी स्वतः तिथवर पोचले ते आधीचे संग्रह वाचत वाचत, काही वर्षांनी. तिला मात्र थेट शेवटच्या मुक्कामी नेऊन सोडलं. सहा महिन्यांनी तिच्याकडे गेले तर पुस्तक टीव्हीच्या कपाटावर, आणि मीच आत घालून दिलेली लाल रिबीन अकराव्या पानावर. म्हणजे बिचारीनं प्रयत्न केला होता. तरी मी विचारलंच, ‘वाचलंस का?’ गृहपाठ न केलेल्या मुलीसारखा चेहरा झाला तिचा. पुढे दोन वर्षं तिनं माझ्याकडून एकही पुस्तक नेलं नाही.

आपलं सगळ्यांत लाडकं पुस्तक आणि दुसऱ्याला पहिल्यांदा द्यायचं पुस्तक, ही दोन वेगळी पुस्तकं असतात, हे ग्रंथालयात बसून मला कळायला हवं होतं. कळलं घरी. तुम्ही नणंदेला कुठला संग्रह दिलात ते पत्रात नाही, पण माझा अंदाज आहे की सगळ्यांत आवडता, म्हणजे बहुधा सगळ्यांत अवघड. जी.ए. द्यायचेच तर मी आता 1959 सालच्या ‘निळा सावळा’कडे हात नेते. त्यातली माणसं घरांतली आहेत, त्यांची दुःखं ओळखता येतात. किंवा पुस्तक देऊच नका, एक कथा द्या. ‘कैरी’ द्या. अमोल पालेकरांनी 2000 साली त्या कथेवर चित्रपट केला, त्यामुळे कुणी तो पाहिला असेल तर अर्धी वाट आधीच चालून झालेली असते. त्या पानात चिठ्ठी घाला आणि म्हणा, ‘एवढंच वाच, बाकीचं राहू दे.’ चारशे पानं बघून दबणारा माणूस वीस पानांना नाही म्हणत नाही.

आता टेबलामागची एक गोष्ट सांगते. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी डकवलेली असते, ती वाचायचा मला नाद होता. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ची आमच्याकडची एक प्रत होती. तिच्या चिठ्ठीवर एक शिक्का, मग नऊ वर्षं काही नाही. रद्दबातल करायच्या ढिगात गेली असती. या पुस्तकात महिन्यागणिक एक लेख आहे. एक वयस्कर सभासद पुस्तक बदलायला आले होते, ज्येष्ठ महिना चालू होता, आणि मी जेवणाच्या सुट्टीत वाचायला ती प्रत टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती उचलली, ज्येष्ठाचा लेख काढला आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंना अर्धं पान वाचून दाखवलं. ‘चांगलं आहे’, ‘अवश्य वाचा’ वगैरे काही नाही. पान वाचलं, पुस्तक खाली ठेवलं, आपलं कार्ड घेतलं आणि गेले. बाईंनी पुस्तक नेलं. पुढच्या दोन महिन्यांत त्या चिठ्ठीवर आणखी तीन शिक्के पडले, तिन्ही वेगळ्या सभासदांचे. ग्रंथपालनाच्या अभ्यासक्रमात आम्ही एस. आर. रंगनाथन यांचे 1931 सालचे पाच नियम पाठ केले होते. त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे दोन आहेत. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते. अर्थ त्या गृहस्थांनी दाखवला.

तेव्हा शिफारस करू नका, वाचून दाखवा. अर्धं पान, आणि तेही ज्यावर तुम्ही स्वतः थबकला होतात ते. जी.एं.चं वर्णन ‘गूढ’, ‘नियतीवादी’ असं कुणाला करून सांगू नका हो. त्या शब्दांनी माणूस पळतो.

आता नवरोजींचं. त्यांच्यावर तुमचा राग आहे तो मला अन्यायाचा वाटतो. डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं, तो शाळेत शिकवायचाही, 1992 साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. पहिला हक्क न वाचण्याचा. पुस्तक अर्धवट सोडण्याचाही एक आहे. आणि दहावा, शेवटचा, वाचून गप्प बसण्याचा. तुमच्या यजमानांनी तो बजावला आहे. ज्या माणसानं न सांगता, न कुरकुरता जी.एं.चा अख्खा संग्रह संपवला, त्याला काहीच वाटलं नसेल असं मी तरी मानणार नाही. विचारू नका. दुसरा संग्रह त्यांच्या उशाजवळ ठेवा आणि स्वतः दुसरं काहीतरी वाचत बसा.

नाकारल्यासारखं वाटण्याबद्दल एकच. खुद्द जी.ए. धारवाडला इंग्रजी शिकवत, माणसांपासून लांब राहत, पण वाचलेल्या पुस्तकांबद्दल मोजक्या लोकांना पानंच्या पानं पत्रं लिहीत. त्यांच्या पत्रांचे खंड निघाले आहेत. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी.ए.’ या नावानं छापली गेली. तुमच्याकडे ही पत्रं नसतील तर मिळवा. घरदार, नणंद, ऑफिस सगळ्यांना मिळून एक लेखक आवडायला हवा हा हट्ट त्यांचाही नव्हता. पत्र लिहायला एक माणूस पुरत होता.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. फास्टर फेणे आणि हेरकथा सोडून दुसरं वाचतच नाही. तीच पुस्तकं चौथ्यांदा वाचतोय. ‘चांगलं’ वाचायला कधी लागेल?

उत्तर : चौथ्यांदा? मग अडचण काय आहे? फास्टर फेणे लिहिणारे भा. रा. भागवत मुलांना तुच्छ लेखून लिहीत नसत, आणि ज्यूल व्हर्नच्या गोष्टीही त्यांनीच मराठीत आणल्या. तेव्हा फास्टर फेणेच्या शेजारी, काहीही न बोलता, त्यांचंच एक व्हर्नचं पुस्तक ठेवून बघा. लेखक तोच असला की मुलं उडी मारतात.

आमच्या ग्रंथालयात सगळ्यांत जास्त वेळा बांधणीला जाणारी पुस्तकं बाबूराव अर्नाळकरांची. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, आणि त्या पुस्तकांचे कोपरे हात लागून लागून कापडासारखे मऊ झालेले असत. ती नेणारी पोरं पुढे काय नेतात हे मी पाहिलं आहे. सगळी काही ‘वर’ चढली नाहीत. पण त्यांतला एकजण कॉलेजात असताना एकदम चरित्रांकडे वळला, दुसरा अजून हेरकथाच नेतो आणि मजेत आहे. तुमच्या पत्रातल्या अवतरण चिन्हांतला ‘चांगलं’ हा शब्द मुलासमोर वापरला नसाल अशी आशा करते.

प्रश्न : सासूबाईंना वाचनाची खूप आवड, पण आता डोळे साथ देत नाहीत. मोबाइलवर पुस्तकं लावून दिली तर म्हणतात, त्या बाईचा आवाज मला आवडत नाही.

उत्तर : मग तुमचा आवाज लावा. रोज पंधरा मिनिटं, जास्त नको, नाहीतर दोघीही कंटाळाल. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात करा. 1934 पासून ते भागाभागानं प्रसिद्ध झालं, पण भाषा अशी की शेजारी बसून बोलतायत असं वाटतं, त्यामुळे मोठ्यानं वाचताना जीभ अडखळत नाही. शिवाय लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, तो भाग आला की सासूबाई त्यांच्या आठवणी सांगायला लागतील. तेव्हा पुस्तक मिटायचं आणि ऐकायचं. त्या दिवशीचं वाचन झालं असं समजा.

प्रश्न : दिलेली पुस्तकं परत येत नाहीत. मागायला लाज वाटते. काय करावं?

उत्तर : लाज पुस्तक ठेवून घेणाऱ्याला वाटायला हवी, तुम्हाला का? एक वही करा. तारीख, पुस्तक, नाव. आणि घेणाऱ्यालाच त्याच्या हातानं लिहायला लावा. स्वतः लिहिलेलं माणूस विसरत नाही. ज्या पुस्तकावाचून तुमचं अडेल ते मुळात देऊच नका, ‘ते कुणाकडे तरी आहे’ असं खुशाल सांगा. मी सांगते.

अर्थात वही मलाही उशिरा सुचली. 1994 साली माझं ‘बनगरवाडी’ कुणीतरी नेलं, ते गेलंच. वाचणाऱ्याच्या लक्षात येत असेल तर पुस्तक राहू दे. आत माझ्या वडिलांचं एक पोस्टकार्ड होतं, तेवढं पाठवा.