तीन दिवसांच्या बाळाच्या अंगावर लाल चट्टे

प्रश्न : बाळाच्या छाती-पाठीवर लाल चट्टे उठलेत, मधोमध पिवळसर पुळी. सासूबाई म्हणतात, अंगातली उष्णता. काय करावं?

उत्तर : वर्णनावरून हे ‘एरिथिमा टॉक्सिकम’, म्हणजे नवजात बाळांना उठणारं निरुपद्रवी पुरळ, वाटतं. नाव भीतीदायक असलं, तरी त्यात विष नसतं आणि संसर्गही नसतो. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं, जागा बदलतं, तळहात-तळपाय सहसा सोडतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातं. शंका असेल तर डॉक्टर पुळीतला द्राव काचपट्टीवर तपासतात. हेच पुरळ असेल तर त्यात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) दिसतात. हळद, डाळीचं पीठ, पावडर काहीही लावू नका.

मात्र पाणी भरलेल्या फोडांचा पुंजका, पू, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध न ओढणं, सुस्ती, यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.