टॉर्पेडोला दरवर्षी रंग मारताय? थांबा जरा

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्या शाळेच्या पटांगणात नेव्हीकडून आलेला जुना टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाज उडवणारं अस्त्र) चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, कट्ट्यावर ठेवलाय. दरवर्षी मे मध्ये ऑइल पेंट मारतो पण चतुर्थी येईपर्यंत फोड येतात, खालून लाल पाणी गळतं, मागच्या पंख्यांवर हिरवी पावडर सुटते. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सँडब्लास्टिंग करून नवाकोरा करून देतो. करू का?
– एक शिक्षिका, वास्को

उत्तर : ताई, सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरात मारा करून रंग उडवणं, अजिबात नको! रंगाच्या थरांखाली ठोकलेले नंबर, स्टेन्सिलची अक्षरं असतात, तीच त्याची जन्मपत्रिका, ती एकदा उडाली की उरतो नुसता लोखंडी पाइप.

आता फोडांचं. वास्कोच्या हवेत मीठ आहेच, ते पत्र्यावर बसतं, हवेतलं पाणी ओढतं, आणि तुम्ही त्याच्यावरच रंग मारता म्हणजे मीठ आत कोंडलं, मग गंज खालून रंग उचलणारच. तुमच्या केमिस्ट्री लॅबमध्येच बघता येईल, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कापूस फोडाखाली फिरवा, तो थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका, दुधासारखं झालं की क्लोराइड, म्हणजे मीठ, आहे समजा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातही क्लोराइड असतं, उगाच घाबराल. पाऊस संपला की गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, वरच्या कापसाच्या चाचणीत पाणी दुधासारखं व्हायचं थांबेपर्यंत, आणि रंग जानेवारीत, हवा कोरडी असताना. मे मध्ये दर्यावरून ओला वारा येतो तेव्हा कसला रंग टिकतोय.

कट्टाही बदला, चिरा पाणी पितो आणि टॉर्पेडोचं पोट त्याच्यावर चिकटलेलं, म्हणून तर खालून लाल. लाकडी पाळणा करा, मध्ये पाणी न पिणारं प्लास्टिकचं पॅकिंग, आणि एका टोकाकडे किंचित उतार. वर पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या. ताडपत्री गुंडाळू नका, आतून घाम सुटतो.

पंख्यांची गोष्ट वेगळी. ते बहुतेक ब्राँझचे, दोन पंखे उलट दिशेने फिरणारे (एकच असता तर टॉर्पेडो स्वतःच गरगरला असता). ब्राँझ आणि पोलाद एकत्र, मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी, आणि त्यात मार खातो पोलाद. हिरवी पावडर पुसून चार दिवसांत परत आली तर क्लोराइड ब्राँझमध्येच मुरलंय, तिथे जुन्या वस्तू जपणाऱ्या संवर्धनवाल्याला बोलवा, तो बेंझोट्रायझोल (ब्राँझची झीज रोखणारं रसायन) लावून वरून मेणाचा थर देईल. चिंच लावून घासू नका, देवघरातली समई नाही ती.

बोल्ट किंवा झाकण उघडायच्या आधी मात्र तो रिकामा केल्याचा नेव्हीचा कागद हातात हवा. जुन्या जातींत पोटात कोंडलेल्या हवेची टाकी असायची, दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे २०० पट, काहींत विषारी इंधन, काहींत बॅटरीचं ॲसिड, गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस. ड्रिल तर मुळीच नाही, मग शिपाई कितीही उत्साही असो.

कुठल्या जातीचा आहे तेही बघा, टेप लावा. व्यास ५३३ मिमी म्हणजे जड जातीचा, पाणबुडी किंवा युद्धनौकेवरचा, ३२४ मिमी म्हणजे हलका, हेलिकॉप्टरमधून किंवा जहाजाच्या छोट्या नळीतून सुटणारा. हलका बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, तुमच्याकडे लाल पाणी गळतंय म्हणजे बहुतेक पोलाद आहे. बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम १९९८ पासून आहे, मुलांना घेऊन जा, तिथल्या लोकांना मोजमाप दाखवा.

पण त्याच्याही आधी येत्या रविवारी अंधार पडल्यावर टॉर्च तिरपा मारून फोटो काढा, रंगाखाली दबलेले नंबर सावलीने वर येतात.