होस्टेलला जायचं म्हणलं की पोरगं रडायचं

मी समुपदेशक आहे. मागच्या दिवाळीनंतर अहमदपूरकडून एक कुटुंब माझ्याकडं लातूरला आलं होतं. आई, वडील, आज्जी आणि दहावीतलं लेकरू. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. घरात त्याला भैय्या म्हणतात, आपणही भैय्याच म्हणू.

तक्रार अशी की दहावी झाली की लातूरला ट्यूशनला टाकायचं ठरलंय, होस्टेलसुद्धा बघून ठेवलंय, पण तिथं जायचं नाव काढलं की हा गप्प बसतो, जास्त बोललं की रडतो. वडील वैतागलेले. "मॅडम तुम्ही जरा समजून सांगा याला, लई आळशी झालाय, वर्गात बी झोपायलाय, सरांचे रोज फोन यायलेत."

वजनाचं कुणी बोललंच नाही. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं झाली तरी पोराचा दम खाली बसत नव्हता, आणि तरीही तो विषय नव्हताच. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "खात्यापित्या घरचं लेकरू आहे मॅडम. वयात आलं, उंची वाढली की अंग आपोआप उतरतं ना?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आई विचारते, म्हणून सरळ सांगते. थोडंसं गुबगुबीत लेकरू उंची वाढताना सडपातळ होऊ शकतं, होतंही. पण वजन खूपच वाढलेलं असेल तर आपोआप उतरेल या भरवशावर बसू नका. किशोरवयात लठ्ठ असलेल्या दहातल्या साधारण आठ जणांचा लठ्ठपणा मोठेपणीही तसाच राहतो, असं बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसलंय. भैय्याचं वजन १०१ किलो, उंची १६२ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा) ३८ च्या पुढं. लेकरांचा बीएमआय वय बघून तक्त्यावर मोजतात, पण ३५ च्या पुढं गेला की या वयात तो तीव्र लठ्ठपणाच धरतात. आणि डॉक्टर लोक त्याला आजार म्हणतात, आळस नाही.

त्याची मान बघितली मी. शर्टाचं वरचं बटन लावून कॉलर ओढून बसला होता. आईनंच कॉलर खाली केली, "हे बघा, अंघोळ नीट करत नाही, किती घासली तरी मळ निघत नाही." मानेभोवती काळी, मखमलीसारखी जाड पट्टी होती, आणि त्यावर लिंबू-सोडा लावून दगडानं घासल्याचे लाल ओरखडे. पोरगं खाली मान घालून बसलेलं. ताई, तो मळ नाहीच. शरीरात इन्सुलिन तयार होतं पण त्याचं काम नीट होत नाही, म्हणून शरीर अजून अजून इन्सुलिन बनवत राहतं आणि त्या जादा इन्सुलिननं मानेची, काखेची कातडी अशी जाड काळी पडते. पुढं शुगर लागू शकते त्याची ही आधीची खूण. तुमच्या लेकराची मान अशी असेल तर कृपा करून घासू नका, रक्त तपासा.

मग सगळ्यांना बाहेर बसवून मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. अभ्यासाचं नाही विचारलं, होस्टेलच्या खोलीत किती पोरं असतील, पलंग वर-खाली असतात का, असंच विचारत राहिले. बराच वेळ गेला, मग तो खिडकीकडं बघत म्हणाला, "मॅडम, माझं अंथरूण ओलं होतं." आठवड्यातून दोन-तीन वेळा. पहाटे कुणी उठायच्या आत चादर धुवून गच्चीवर टाकतो, आईला वाटतं पोरगं किती कामाला लागलंय. चौघांच्या खोलीत हे कळलं तर जीव नकोसा होईल, म्हणून रडतो. कारण एवढंच होतं.

इथं समुपदेशक म्हणून मी फक्त मनाचं बोलत बसले असते तर चुकलं असतं. मोठ्या लेकराचं अंथरूण ओलं होणं, दिवसा झोप येणं, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं, हे सगळं एकत्र दिसलं की झोपेतला श्वास तपासायला पाहिजे. आईला विचारलं घोरतो का, तर म्हणे पार बाहेरच्या खोलीत ऐकू येतं, मधीच एकदम बंद होतं मग दचकल्यासारखा मोठ्यानं श्वास घेतो. आपल्याकडं घोरणं म्हणजे गाढ झोप समजतात. उलट आहे. गळ्याभोवतीच्या चरबीनं झोपेत श्वासाची वाट बंद पडते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू हलवून उठवतो, असं रात्रभर. दहा तास पडून राहिलं तरी झोप होतच नाही. तेच पोरगं दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतं आणि सगळे त्याला आळशी म्हणतात. मी आईला दोन-तीन रात्री मोबाईलवर घोरण्याचा व्हिडिओ काढायला लावला, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

बालरोग डॉक्टरांनी सगळं तपासलं. बीपी वाढलेलं, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ म्हणजे शुगर उंबरठ्यावर, सोनोग्राफीत लिव्हरला चरबी. पंधरा वर्षाच्या लेकराच्या लिव्हरला, आणि दारूचा थेंब नाही घरात. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेच्या तपासणीत, श्वास थांबतोय हे पक्कं झालं आणि झोपताना लावायचं सीपॅप मशीन दिलं, मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं.

अजून एक सांगायचंय, कारण हे घरात हमखास मागं पडतं. जाड लेकरू लंगडायला लागलं, गुडघा नाहीतर मांडी दुखते म्हणलं, तर वजनामुळंच असेल म्हणून तेल चोळत बसू नका. या वयात खुब्याच्या हाडाचं टोक सरकू शकतं आणि दुखतं मात्र गुडघ्यात. त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडं न्या, तोवर चालू देऊ नका. पोरींमध्ये पाळी महिनोनमहिने न येणं, हनुवटीवर केस येणं, तेही दाखवा.

खरं काम पुढं होतं, ते म्हणजे घर. वडिलांचं किराणा दुकान, दारातच पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, फ्रीजमध्ये कोल्ड्रिंक, आणि शाळेतून आलं की भैय्याच गल्ल्यावर बसणार. त्याला एकट्याला "खाऊ नको" म्हणणं म्हणजे विहिरीत ढकलून भिजू नको म्हणण्यासारखं. शिवाय वडील चारचौघात त्याला "ढोल्या" म्हणायचे, प्रेमानंच म्हणे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की चिडवल्यानं वजन उतरत नाही, लेकरू लपून खायला लागतं. भैय्या लपूनच खात होता, दुकानाच्या मागच्या पोत्याआड.

आज्जीचं मात्र मला फार लागलं. त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत, मग एकदम म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय मी, मिलोची भाकर अन् सुकडी खाऊन. लेकराचं पोट भरलेलं बघितलं की मला झोप लागती." मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे ते खाणं. आता या माऊलीला काय सांगणार की तूप वाढू नको म्हणून? मराठवाड्यात भरलेल्या अंगाचं लेकरू म्हणजे घराची बरकत, त्याच्या मागं ही भूक आहे, ती समजून न घेता कागदावर डाएट लिहून देणाऱ्यांचं मला पटत नाही. मी एवढंच म्हणलं की आज्जी, तुम्हीच त्याला वाढा, पण तुमचंच जेवण वाढा. ज्वारीची भाकरी, वरण, पातळ भाजी, ताक, दाण्याची चटणी चमचाभर, आणि एकदा वाढलं की परत आग्रह नाही. त्या खूश झाल्या, काम त्यांच्याकडंच राहिलं म्हणून.

बाकी ठरलं ते सगळ्यांसाठी ठरलं, त्याच्यासाठी वेगळं काही नाही. कोल्ड्रिंक घरात कुणीच प्यायचं नाही. रात्रीचं जेवण दहाच्या ऐवजी आठला, मोबाईल रात्री आईच्या खोलीत. संध्याकाळी गल्ल्यावर वडील, भैय्या चुलत भावासोबत शेतापर्यंत चालत जाणार, सुरुवातीला वीस मिनिटं, कारण या वयाला रोज तासभर हालचाल पाहिजे हे खरं असलं तरी पहिल्याच दिवशी तासभर पळवलं तर गुडघे जातात. उपाशी ठेवायचं नाही. ओळखीतल्या कुणीतरी विकलेली वजन उतरवायची पावडर बंद केली. वजन उतरवायच्या इंजेक्शनचंही वडिलांनी विचारलं. अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या लठ्ठ लेकरांना सेमाग्लुटाईड नावाचं असं इंजेक्शन वापरायला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळालीय, पण ते लेकराला द्यायचं का नाही हे तज्ज्ञ डॉक्टरच तपासून ठरवतील, मेडिकलवर जाऊन मागायची गोष्ट नाही ती.

मशीनचा त्रास झाला पहिले पंधरा दिवस, मास्क ओढून टाकायचा. मग सवय झाली आणि महिन्याभरात अंथरूण ओलं व्हायचं जवळजवळ थांबलं. वजन सहा महिन्यात १०१ वरून ९६ वर आलं, उंची दोन सेंटीमीटर वाढली. पाचच किलो का, असं वडील म्हणाले. मी म्हणलं, बीपी बघा, एचबीए१सी ५.७ वर आलंय ते बघा, शाळेतून झोपायचा फोन कधी आला शेवटचा ते आठवा. ढोल्या म्हणायचं त्यांनी सोडलंय, अधूनमधून जिभेवर येतं, पण आज्जी लगेच डोळे वटारते.

जूनमध्ये आईचा फोन आला. होस्टेल बघायला आले होते सगळे, वॉर्डन जेवणाचं, फीचं सांगत होते, आणि भैय्यानं मधीच विचारलं की सर, पलंगाजवळ प्लग आहे का, मला रात्री मशीन लावावं लागतं. सगळ्यांसमोर.