हेन्रिएटा स्ट्रीट, १४ नंबर: पोपडे मुद्दाम ठेवलेत

ताई, तुम्ही विचारलंत की लेकीकडे डब्लिनला असताना हेन्रिएटा स्ट्रीटवरचं १४ नंबरचं जॉर्जियन घर पाहिलं, पण एवढं दुरुस्त करूनही भिंतींचे पोपडे तसेच कसे, पैसे संपले की काय? पैसे संपले म्हणून नाही. मी इथं जुन्या घरांच्या डागडुजीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

(जॉर्जियनचा जॉर्जिया देशाशी संबंध नाही. १७१४ ते १८३० ब्रिटनच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले, त्या काळातली ही घरं.)

ल्यूक गार्डिनरनं हे घर १७४० च्या दशकाच्या शेवटी बांधलं, उमरावांसाठी. लॉर्ड मोल्सवर्थ हा पहिला रहिवासी. १८०१ पासून आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट राहिली नाही, कारभार लंडनला गेला आणि बडी मंडळीही हळूहळू त्यामागे गेली. काही वर्षं वकील आणि कोर्टकचेऱ्या. मग १८७६ च्या सुमारास थॉमस व्हान्स नावाच्या माणसानं घर घेतलं, मुख्य भव्य जिना काढून टाकला, दालनांचे तुकडे पाडले आणि १९ बिऱ्हाडांची सोय केली. १९११ च्या जनगणनेत या एका घरात १०० माणसं होती!

गिरगाव-परळ आठवलं असेल. पण आपली चाळ चाळ म्हणूनच बांधलेली असते. इथं एका कुटुंबाच्या वाड्यात शंभर माणसं कोंबली, नक्षीदार छताखाली चूल आणि वाळत घातलेले कपडे. अशा घरांची डागडुजी कोण करणार? १९१३ मध्ये जवळच चर्च स्ट्रीटवर अशी दोन घरं कोसळून सात जण गेले. १४ नंबरातली शेवटची बिऱ्हाडं मात्र १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकून होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे. घर २००० च्या सुमारास डब्लिन सिटी कौन्सिलकडे आलं आणि संग्रहालय उघडलं २०१८ मध्ये. वेळ लागतोच, कारण अशा घराचा आजार आत असतो. विटांच्या भिंतीत आधाराला लाकडं घातलेली असतात, ओल लागली की ती आतल्या आत कुजतात आणि बाहेरून पत्ता लागत नाही. शिवाय विटांमधल्या दरजा (सांधे) चुन्यानंच भरायच्या. नवखा असताना एका घरी मीच सिमेंटचा हट्ट धरला होता. दोन हिवाळ्यांत विटांच्या तोंडाचे पापुद्रे निघाले, कारण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही आणि तिला मऊ विटेतूनच वाट काढावी लागते. ते काम मला स्वखर्चानं उकरून परत करावं लागलं.

घर वाचवायचं तर हे सगळं करावंच लागतं. पण भिंतीवर काय दिसावं, हा निवडीचा प्रश्न. सगळं खरवडून १७५० सालचा दिवाणखाना उभा करता आला असता, झुंबर लावून. मग ती १९ बिऱ्हाडं पुसलीच गेली असती, आणि या घरात लॉर्डसाहेबांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं राहिले ते हेच लोक. म्हणून थर उघडे ठेवलेत. मला हा निर्णय पटतो. माझ्या ओळखीतल्या काही आर्किटेक्टना तो अजून आळशीपणा वाटतो.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जिन्या-पॅसेजच्या भिंतींवर जे दोन रंग दिसतात, त्यांना तिथले लोक 'रेड रॅडल' आणि 'रेकिट्स ब्लू' म्हणतात. पहिला म्हणजे गेरूच. दुसरी कपड्यांची नीळ, आणि रेकिट म्हणजे आपल्याकडे रॉबिन ब्लूची पुडी विकणारी तीच कंपनी. त्या पोपड्यांत तुम्ही पाहिलात तो निळा रंग तुमच्या आजीच्या बादलीतलाच होता.