बेस ॲम्प, कॅबिनेट आणि ओमचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

बेस गिटारच्या ॲम्पला कोणता कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, चालेल, ही विचारणा काही थांबत नाही. गोंधळ फिरून फिरून त्याच दोन-तीन ठिकाणी होतो, म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या ट्रान्झिस्टर ॲम्पच्या मागे 'किमान ४ ओम' असं छापलंय. ८ ओमचा एकच कॅबिनेट लावला तर चालेल का?

चालेल. ओम म्हणजे स्पीकर करंटला करतो तो विरोध; तो जास्त असला की वॅट, म्हणजे पॉवर, कमी मिळतील, बाकी काही नाही.

प्रश्न : पण मग आवाज निम्मा होईल ना?

नाही. पॉवर निम्मी झाली तरी आवाजात फरक पडतो ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट पॉवर लागते. पुढे कमी पडलंच तर अगदी तसाच दुसरा ८ ओमचा कॅबिनेट घ्या. समांतर जोडणीत करंटला दोन वाटा मिळतात, म्हणून दोन्ही मिळून ४ ओम होतील, ॲम्प पूर्ण ताकदीने चालेल आणि हवा ढकलणारे स्पीकरचे पडदे, म्हणजे कोनही दुप्पट होतील. नुसता मोठा ॲम्प घेण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : याच किमान ४ ओमच्या ॲम्पला माझा ८ ओमचा आणि मित्राचा ४ ओमचा असे दोन कॅबिनेट जोडलेत. घरी कित्येक दिवस वाजवतोय, काही झालं नाही. दुकानदारही 'चालतं' म्हणाला. कार्यक्रमाला नेऊ का?

नेऊ नका. घरीसुद्धा आजच एक कॅबिनेट काढून ठेवा.

आधी हिशेब. दोन्ही आकड्यांचा गुणाकार ३२, बेरीज १२. भागाकार येतो सुमारे २.७ ओम. तुमचा ॲम्प ४ च्या खाली जायचं नाही असं स्वतःच सांगतोय. ॲम्पमागची दोन्ही सॉकेट वापरली काय किंवा एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात केबल नेली काय, जोडणी बहुतेक सगळीकडे समांतरच होते. दुसऱ्या पद्धतीने ओम वाढतात ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे.

आता 'काही झालं नाही' याबद्दल. ॲम्प व्होल्टेज देतो. करंट किती जाणार ते ओम ठरवतात. ओम कमी, तर करंट जास्त, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तेवढे जास्त तापणार. घरी व्हॉल्यूम जेमतेम असतो, म्हणून ही वेळ येत नाही. कार्यक्रमात ड्रमच्या बरोबरीने तासभर वाजवायचं, मागे पडदा लागून हवा कोंडलेली, आणि त्यात खालच्या तारेचे लांब सूर. नशीब चांगलं असेल तर ॲम्पमधलं संरक्षक सर्किट, म्हणजे प्रोटेक्शन, ऐन गाण्यात ॲम्प बंद करेल. पण ते अपघातासाठी असतं, रोजच्या वापरासाठी नाही. ते वेळेवर चाललं नाही आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर थेट डीसी (एकाच दिशेचा करंट) स्पीकरमध्ये जातो आणि व्हॉईस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जळते. म्हणजे ॲम्प तुमचा जाईल आणि कॅबिनेट मित्राचा. शिवाय या जोडीत ४ ओमचा कॅबिनेट ८ ओमच्या दुप्पट पॉवर ओढतो, हेही लक्षात घ्या.

'चालतं' म्हणणाऱ्या दुकानदाराला तेच बिलावर लिहून मागा. इतके दिवस असं वाजवलंच आहे, तर कार्यक्रमाआधी ॲम्प तंत्रज्ञाला दाखवून घ्या.

प्रश्न : ८ ओम म्हणून घेतलेला कॅबिनेट मल्टिमीटरवर ६.१ ओम दाखवतो. फसवलं का?

नाही. मीटर कॉइलचा डीसी रोध मोजतो. ८ हा नाममात्र इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा एकूण विरोध) आहे आणि तो प्रत्येक सुराला बदलतो. ८ ओमच्या कॅबिनेटला साडेपाच ते सात आणि ४ ओमच्याला तीन-साडेतीन हे वाचन नेहमीचं. फसवणूक शोधायची तर वॅटच्या आकड्यात शोधा. मोठ्या अक्षरात '१००० वॅट' असतात ते अनेकदा क्षणिक, पीक वॅट असतात. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, किती ते विचारा; सांगत नसतील तर दुसरीकडे जा.

प्रश्न : ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब असलेल्या ट्यूब ॲम्पलाही हेच नियम लागू होतात का?

नाही. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे मागचा ४-८-१६ चा स्विच कॅबिनेटच्या एकूण ओमशी जुळवायचा. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नका. ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जोडणीबद्दल शंका असेल तर ट्यूबचं काम करणाऱ्या तंत्रज्ञालाच विचारा. स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.

प्रश्न : ॲम्पपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल वापरली तर?

नको. तिची आतली तार बारीक असते, तापते. स्पीकर केबलच घ्या.

प्रश्न : खालचे सूर वाजवताना कॅबिनेटमधून खरखर येते. रविवारी कार्यक्रम आहे, तेवढा काढून मग दाखवू का?

आधी दाखवा. ॲम्प बंद करा, केबल काढा, पुढची जाळी उतरवा. दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर टेकवून तो अलगद आत दाबा. घासल्यासारखा आवाज आला किंवा जळक्या व्हार्निशचा वास आला, तर कॉइल वेडीवाकडी झाली आहे. अशा कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटले की ओम खाली येतात आणि मग ॲम्पही धोक्यात येतो. काहीच आढळलं नाही तर एखादा स्क्रू किंवा जाळी सैल असेल, पण तेही दुरुस्ती करणाऱ्यालाच ठरवू दे. रविवारसाठी दुसरा कॅबिनेट मागून आणा, आणि आणण्याआधी त्याच्या मागचे ओम वाचा.