लॉजवरचं वायफाय, नऊ हजारांचा राऊटर आणि कार्डाची थकबाकी

बँकांसाठी मालमत्तांचं मूल्यांकन करणारे एक सिव्हिल इंजिनिअर सांगलीहून विचारतात: कामासाठी महिन्याला सहा रात्री लॉजवर काढाव्या लागतात. लॅपटॉपवर कर्जदारांची खरेदीखतं, आधारच्या प्रती असतात आणि अहवाल लॉजच्याच वायफायवरून जातात. ₹९,००० चा ट्रॅव्हल राऊटर नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? व्हीपीएनचे (इंटरनेटवरची सगळी ये-जा कूटबद्ध करणाऱ्या सेवेचे) वर्षाला ₹४,००० वेगळे. वर्षाची जमा ₹१४ लाख, रिटर्न ४४एडीएखाली (व्यावसायिकांचं उत्पन्न जमेवरून अंदाजानं धरणारं आयकराचं कलम), क्रेडिट कार्डावर ₹१८,००० थकलेले.

सध्या घेऊ नका. लॉजच्या वायफायवरून कागदपत्रं फुटण्याची तुमची भीती असेल, तर त्यावरचा इलाज व्हीपीएन आहे, आणि ते थेट लॅपटॉपवर चालतं.

हा राऊटर करतो काय? लॉजच्या वायफायला तो स्वतः जोडला जातो आणि खोलीत तुमचं वेगळं नेटवर्क उभं करतो. खोली नंबर, ओटीपी हे लॉगिनचे सोपस्कार एकदाच होतात आणि तुमची सगळी उपकरणं एकाच व्हीपीएनमागे जातात. सोबत दोन लॅपटॉप, टॅब, मुलांचे फोन असतील तर मोठीच सोय. तुमच्याकडे एक लॅपटॉप आणि एक फोन. शिवाय यातल्या बहुतेक मॉडेलांत सिमकार्ड बसत नाही. लॉजचं नेट रडत असेल तर तेच रडणं तुमच्या नावाच्या नेटवर्कवर ऐकू येईल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बँकेचं पोर्टल एचटीटीपीएसवर असतं, त्यामुळे वाटेतला मजकूर तसाही कूटबद्ध असतो. खरी भीती लॉजच्या नावानं कुणी उघडलेल्या बनावट वायफायची आणि त्याच नेटवर्कवरच्या अनोळखी उपकरणांची. त्यासाठी अहवाल फोनच्या हॉटस्पॉटवरून पाठवा. जिथे रेंजच नाही तिथे लॅपटॉपवर व्हीपीएन लावा, आणि तेही आधी एकाच महिन्याचं घ्या. मुळात लॅपटॉप एसटीत राहिला तर? तेव्हा ना राऊटर कामाला येणार, ना व्हीपीएन. विंडोजमधलं डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कूटबद्ध करणारी सोय) आज रात्रीच सुरू करा आणि रिकव्हरी की, म्हणजे अडलंच तर डिस्क उघडणारा कोड, लॅपटॉपबाहेर जपून ठेवा. हे फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

आता पैसे. तीन वर्षांत राऊटर ₹९,००० आणि व्हीपीएन ₹१२,०००, म्हणजे ₹२१,०००. जड भाग वर्गणीचा आहे, डब्याचा नाही. घरच्या फायबरवर स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर उभारून वर्गणी वाचवा, असं कुणी सांगेल. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट पोहोचता येत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घेतला की पुन्हा खर्च आलाच.

‘धंद्याच्या खर्चात टाकू’ हेही तुम्हाला लागू नाही. ४४एडीएत जमेची निम्मी रक्कम उत्पन्न धरली की खर्च आणि घसारा त्यातच आले, वेगळी वजावट नाही. जमा ₹२० लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी नसेल, तर बिलातला जीएसटीही परत मिळणार नाही.

आणि ते ₹१८,०००. थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागत असेल तर ते फेडण्याइतका चांगला परतावा मी तुम्हाला कुठल्याही योजनेत दाखवू शकत नाही. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुमच्याच माथी येतो. राऊटरसाठी काढलेले नऊ हजार याच महिन्यात कार्डात भरा, उरलेले पुढच्या दोन बिलांत.

पुढे मदतनीस सोबत येऊ लागला, दुसरा लॅपटॉप आला, तर राऊटर रोखीनं जरूर घ्या. जीएल-आयनेट, टीपी-लिंक यांची छोटी मॉडेलं पाहा. वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीची सोय, यूएसबी-सीवर चालणं, केबलसाठी लॅन पोर्ट आणि कंपनीकडून नियमित अपडेट, एवढं बघा. वायफाय ७ साठी जादा पैसे मोजू नका. आयात केलेला माल असेल तर भारतात वॉरंटी कोण देणार, ते पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या.